दोन सुतांचा फरक

लोणावळे, मंगळवार, ता. ९ ऑक्टोबर १९३४

भुशीच्या वाटेवरल्या बंगल्यातल्या शेठाणीबाई आज मुंबईस परत गेल्या. त्यांच्या व्हरांड्याच्या अठरा काचा मी बसवल्या आहेत. वारा कितीही असो, एकही खुळखुळत नाही. निघताना त्यांनी एक काचेची बरणी माझ्या हाती दिली. आत दोन सोनेरी मासे. आगगाडीत पाणी हिंदकळून मरतील, म्हणाल्या, दत्तोबा मिस्त्री नीटनेटका माणूस, त्यानेच सांभाळावे. बरणी छातीशी धरून दीड मैल चालत आलो. थेंब सांडला नाही. वाटेत तो दुसरा बंगला लागतो. तिथे मी रस्त्याच्या पलीकडून चालतो.

घरी ही तांदूळ निवडत होती. मी सांगितले, मासे आहेत, शेठाणीबाईंनी दिले. हिने सूप खाली ठेवले, बरणी घेतली आणि परसात गेली. माझ्याकडे पाहिले नाही.

मागल्या सालच्या श्रावणापासून ही माझ्याशी बोलत नाही. चौदा महिने झाले. जेवण वेळेवर, धोतर धुतलेले, अंग मोडून आले तर काढासुद्धा न सांगता पुढ्यात येतो. शब्द तेवढा येत नाही. शेजारच्या धोंडाबाईंशी बोलते, तेही कामापुरते. एवढे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

गुरुवार, ता. ११

मासे मोजले. पाण्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि ते खालून जाण्याची वाट पाहिली. मोठा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन इंच एक सूत. धाकटा अडीच इंचांना एक सूत कमी. इंचाची आठ सुते होतात. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, सूत मला कोणी शिकवले नाही. पट्टीवरच्या रेघा मोजून मीच समजून घेतले. सुतापर्यंत माप देणारा दुसरा माणूस या गावात कोणी दाखवावा.

हिने मासे परसातल्या दगडी डोणीत सोडले आहेत. डोणी पूर्वी म्हशीच्या पाण्याची. म्हैस विकल्यापासून तिच्यात पावसाचे पाणी साचते. आत शेवाळ, काठावर शेवाळ, पाण्यात डासांची पिल्ले वळवळतात. चार बाजूंपैकी दोन बाजूंचेही माप सारखे नाही. मासे ती पिल्ले मटामटा खातात हे खरे. पण असली देखणी चीज असल्या जागी ठेवणे मला बघवत नाही.

रविवार, ता. १४

ही माशांशी बोलते.

न्हाणीच्या भिंतीआड उभे राहून ऐकले. हे बरे दिसत नाही, पण ऐकले. डोणीच्या काठाशी पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ. बोट पाण्यात घातलेले आणि मासे त्या बोटाभोवती. म्हणत होती, "आज घेवडा केलाय. मीठ लय पडलं. पन त्यांनी काय म्हटलं न्हाई, गप खाल्लं."

'त्यांनी' म्हणजे मी. मीठ खरोखरच जास्त होते.

चौदा महिन्यांत हिचा एवढा लांब आवाज मी ऐकला नव्हता. धोंडाबाई कुंपणापलीकडून मला पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मासा व्हा आता." त्यांच्या चेष्टेकडे मी लक्ष देत नाही.

सोमवार, ता. १५

ठरले. माशांना योग्य अशी टाकी करायची.

बरणी नको. बरणीच्या गोल काचेतून मासा एकदा फुगलेला दिसतो, एकदा चपटा. काचेच्या माणसाला हे सहन होणारे नाही. शिवाय बरणीचे तोंड अरुंद. मी दोन भांडी शेजारी ठेवून पाहिले आहे: पाणी तेवढेच, पण उंच भांड्यात मासा वर येऊन तोंड उघडतो, पसरट भांड्यात खाली निवांत फिरतो. म्हणजे माशाला खोलीपेक्षा पाण्याची उघडी पाठ जास्त लागते. हेही मला कोणी सांगितले नाही.

तेव्हा टाकी लांबट हवी. तीस इंच लांब, पंधरा रुंद, बारा उंच. सागाची चौकट, चारही बाजूंना काच. ती पुढल्या सोप्यात मांडायची, खिडकीपासून चार फूट आत, म्हणजे ऊन थेट पडणार नाही.

सोप्यात का, असे कोणी विचारील. डोणीपाशी बसले की माणूस वाकून खाली पाहतो आणि त्याची पाठ जगाकडे होते. काचेची टाकी मध्ये असली तर एकजण अलीकडे बसतो, एकजण पलीकडे, आणि दोघे तेच मासे पाहतात. काचेतून पलीकडचा माणूसही दिसतो. टाकीच्या सोयींपैकी ही एक आहे, एवढेच.

शनिवार, ता. २०

चौकट झाली. चारही कोपरे गुण्याच्या काटकोनाला लावून पाहिले, कुठे केस शिरत नाही. काचा हिरकणीने कापल्या. आठ वर्षांचा होता तेव्हापासून काच कापताना दुसरे टोक आमचा गेणू धरायचा. आता काच भिंतीला टेकवून कापतो. जमते.

तळाचा प्रश्न तीन दिवस डोक्यात होता. लाकूड फुगते. लोखंड गंजते. तळाला काच घातली आणि वरून एखादा दगड पडला तर सगळेच संपले. शेवटी तांब्याचा पत्रा. घरोघर पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरतात ते उगाच नाही. देवाची पळी-ताम्हन तांब्याचे. याहून शुद्ध काय असणार?

पत्रा घ्यायला बाजारात हमीदभाई कल्हईवाल्याकडे गेलो. तो माझ्या बरोबरीचा, भातीपाशी बसून गावभरच्या भांड्यांना कल्हई करतो. पत्रा कशाला, ते ऐकून म्हणाला, कल्हई करून देतो. मी नको म्हटले. कल्हई केली की तांबे झाकले जाते, मग तांबे घालून उपयोग काय? त्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, तांब्यात ताक ठेवता का कधी? हिरवं पडतं. माशाचं मला ठावं न्हाई, पन कच्चं तांबं गप बसत न्हाई." मी म्हटले, मासे ताकात नाही, पाण्यात राहतात. आजूबाजूचे लोक हसले. तोही हसला आणि पत्रा कापून दिला. माप त्याने चुकवलेच होते, मी दुरुस्त करून घेतले.

शनिवार, ता. २७

खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून लुकण केले आणि काचा त्यात बसवल्या. आठवडाभर सुकू दिले. काल पाणी भरले, आज सकाळी टाकीखालचा कागद काढून पाहिला: कोरडा. पाणी दोनदा भरून ओतले, म्हणजे तेलाचा वास जावा. तळ चिंचेने घासला. उन्हात असा लखलखला की सोप्याच्या आढ्यावर लाल उजेड हलत होता.

अशी टाकी मुंबईतही नसेल. मी पाहिलेली नाही, पण नसेल.

मंगळवार, ता. ३०

आज ही माझ्याशी बोलली.

सगळे जसे झाले तसे लिहितो. दुपारी बादली घेऊन परसात गेलो. ही डोणीपाशी होती. मी म्हटले, टाकी तयार आहे, उद्या यांना आत नेऊ. ही उठून माझ्या आणि डोणीच्या मध्ये उभी राहिली. पदर सावरला. आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "डोणीत बरे हायेत. राहू द्या."

पाच शब्द. माझ्या हातातली बादली खाली ठेवावी लागली. मी 'बरं, बरं' की काय म्हणालो, आठवत नाही. नंतर बाजारापर्यंत गेलो ते पाय जमिनीला लागत नव्हते. गूळदाणी घेतली आणि वाटेत भेटेल त्याच्या हातावर ठेवत गेलो. हमीदभाईलाही दिली. तो म्हणाला, काय विशेष? मी सांगितले, घरातून बोलली, चौदा महिन्यांनी. त्याने हातातले भांडे बाजूला ठेवले आणि विचारले, "काय म्हनल्या वहिनी?" मी पाचही शब्द सांगितले.

तो म्हणाला, "मग राहू द्या की, मिस्त्री."

त्याला कळले नाही. टाकी नुसती तयार झाली तर ही बोलली. मासे आत आल्यावर काय होईल! उद्याच नेतो.

बुधवार, ता. ३१

मासे टाकीत. ओंजळीने नेले. ही स्वैपाकघरात होती, बाहेर आली नाही.

दिवेलागणीला मात्र आली. टाकीच्या पलीकडे भिंतीला टेकून बसली. मी अलीकडे होतो. दोघे बराच वेळ बसलो. हिचा चेहरा मी चौदा महिन्यांनी एवढा वेळ समोरून पाहिला. केस कानावर पांढरे झाले आहेत, ते माहीत नव्हते. काचेत कुठे तरी बारीक लहर असावी, कारण हिचे ओठ मला सारखे थरथरताना दिसत होते. एवढ्या तपासलेल्या काचेत लहर कशी राहिली? उद्या उजेडात पाहीन.

गुरुवार, ता. १ नोव्हेंबर

काच तपासली. लहर नाही.

शनिवार, ता. ३

काल दुपारपासून मासे वरच तोंड उघडून राहिले आहेत. पाण्याची उघडी पाठ साडेचारशे चौरस इंच आहे, कमी म्हणता येणार नाही. अंगावर पांढुरके काही धरले आहे. निम्मे पाणी काढून हंड्यातले ताजे भरले. भाताची शिते टाकली, शिवली नाहीत.

सायंकाळी धाकटा गेला.

रविवार, ता. ४

मी अंघोळीला गेलो असताना हिने मोठ्याला ओंजळीत घेऊन डोणीत सोडले. तो तिथे तासभर कुशीवर पोहला आणि गेला. हिने तो हातात घेतला, परसात अबोलीच्या आळ्यात खड्डा केला, पुरला. मी कुदळ घेऊन गेलो तोवर माती ओढून झाली होती.

काही बोलली नाही. मला वाटले होते, रागावून तरी बोलेल.

सोमवार, ता. ५

टाकीत दोष सापडत नाही. लुकण सुकलेले, पाणी शुद्ध, माप बरोबर. सकाळपासून तिच्यासमोर पट्टी घेऊन बसलो आहे.

माझ्या मापाबद्दल गावात पूर्वीही बोलले गेले आहे, म्हणून ती गोष्टही एकदा लिहून टाकतो. मागल्या श्रावणात त्या दुसऱ्या बंगल्याच्या छपरातली उजेडाची काच फुटली होती. मी माप देऊन गेणूला काच कापायला सांगितली. त्याने कापून बसवली. मी खालून पट्टी लावून पडताळली तर वरच्या टोकाला रुंदी दोन सूत कमी. दोन सुतांतून पाणी गळते. मी म्हटले, काढ, माझ्या मापाची बसव. तो पुन्हा वर चढला. कौले ओली होती. पडला. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. मी डॉक्टर आणायला पुण्यास गेलो. पावसाने गाड्या अडल्या होत्या. दोन दिवसांनी डॉक्टर घेऊन आलो तेव्हा दारात माणसे बसलेली होती.

कारागिराने चुकीचे काम पुन्हा करायचे असते. माझ्याकडूनही लोकांनी करून घेतले आहे. एवढेच खरे.

शनिवार, ता. १०

दिवाळी झाली. पणती धोंडाबाईंनी लावली.

आज हमीदभाई आपण होऊन घरी आला. मासे गेल्याचे त्याला कळले होते. टाकीत हात घालून तळावरून बोट फिरवले आणि मला दाखवले. बोटाला हिरवट लागले होते. म्हणाला, मानसाला ते चालतं, आपल्याला लय मोठं शरीर दिलंय. तेवढंसं लेकरू रातंदिस त्यातच बुडालेलं, ते कुठवर टिकनार? तुम्ही चिंचेनं घासलं म्हनजे तर तांबं आनखी मोकळं केलं.

मी विचारले, कल्हई केली असती तर?

तो उठला. "सोडा आता, मिस्त्री," म्हणाला. केली असती तर मासे जगले असते, हे त्याने म्हटले नाही. जाताना मागे न पाहता गेला, त्याची मला मेहेरबानी वाटली.

सोमवार, ता. १२

दोन दिवस पेन उचलले नाही. पाच तारखेला मी इथे 'एवढेच खरे' असे लिहिले आहे. ते खरे नाही. माझ्या स्वतःच्या वहीत मी खोटे लिहावे, आणि तेही मोजून, हे मला आता वाचवत नाही.

गेणूच्या तेराव्यानंतर मी एकटा त्या छपरावर गेलो होतो. काम अर्धवट ठेवायचे नव्हते. माझ्या मापाने कापलेली काच बरोबर नेली. ती बसेना. चौकट पट्टीने मोजली. खालच्या अंगाला मी दिलेले माप होते. वरच्या अंगाला चौकट दोन सूत आत आलेली होती. मी फक्त खालचे अंग मोजले होते. गेणूने दोन्ही मोजली होती आणि काच चौकटीला लागेल तशी कापली होती. त्याची काच बरोबर होती.

मी माझ्या काचेची दोन सुते घासून काढली, ती बसवली, खाली उतरलो. कोणाला सांगितले नाही. हिला तर नाहीच. चौदा महिने मला वाटत आले की मी त्याला वर पाठवला म्हणून ही बोलत नाही. आणि मनात येई, बरे आहे, बोलली तर विचारील. काच खरेच चुकली होती का, म्हणून विचारील.

बुधवार, ता. १४

आज सांगितले.

सकाळी जेवलो नव्हतो. ही परसात कपडे वाळत घालत होती. मी म्हटले, जरा बस. ती ओला पिळा हातात घेऊन डोणीच्या काठावर बसली. मी उभाच राहिलो. खालचे अंग, वरचे अंग, दोन सूत, सगळे सांगितले. गेणूची काच बरोबर होती, माझे माप चुकले, हे शेवटी तसेच्या तसे म्हटले. आवाज फाटला असावा, कारण धोंडाबाई कुंपणापाशी आल्या आणि लगेच परत गेल्या.

ही पिळा उलगडत होती. पुन्हा पिळत होती. मग म्हणाली, "मला ठावं हाय."

मी समजलो नाही.

"गेणूनं सांगितलं. तुमी पुण्याला गेलता तवा. सुद्दीवर व्हता तो, पयला दिवस. म्हनला, आय, काच बरोबर व्हती, पन आबास्नी कळू देऊ नगंस. त्यांच्या जिवाला लागंल."

मी खाली बसलो.

"म्या त्याला हो म्हनले. आता तोंड उघडलं असतं तर पयलं हेच भाईर पडलं असतं. मीठ कमी का जास्त, असं इचारायला गेले तरी हेच आलं असतं. मग गपच ऱ्हायले."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिले नाही. रागावली नव्हती. चौदा महिने मी जे राग म्हणून सोसले, ते ही माझ्यासाठी सोसत होती, आणि तो गेलेला पोर सोसायला सांगून गेला होता.

मग हिने विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी कामावर मी एकटाच होतो त्याच्याबरोबर. हिला विचारायला दुसरे कोणी नव्हते. चढताना काय म्हनला? मी सांगितले. म्हणाला, "आबा, काच बरोबर हाय. पन तुमी म्हनताय तर काढतो."

"असंच म्हनला असंल," ही म्हणाली. "तसाच व्हता."

पायात काय होते? काही नव्हते, कौलांवर पकड यावी म्हणून. मुंडासे? खाली काढून ठेवले होते, माझ्या हत्यारांच्या पेटीवर. पडताना ओरडला का? नाही. ही प्रत्येक उत्तरावर मान हलवत होती, जसे काही एकेक वस्तू माझ्या हातून घेऊन आत ठेवत होती. तिने त्या दोन दिवसांचे मला सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी म्हणाली, "भाकरी दिलती त्या दिशी. खाल्ली व्हती का त्यानं?"

हो म्हणणे सोपे होते. एवढ्यावर तिला झोप लागली असती. भाकरीचे गाठोडे त्याने सोडायला घेतले होते आणि मी म्हटले होते, आधी काच, मग भाकरी.

"नाही," मी म्हटले. "मी खाऊ दिली नाही."

हिच्या हातातला पिळा मांडीवर पडला आणि लुगडे भिजले, ते तिने पाहिले नाही. मग डोळे पुसून उठली.

"तुमी बी सकाळपास्नं उपाशी हायसा," म्हणाली. "चला."

पान वाढले. ही समोर बसून होती, मध्ये काहीच नव्हते, म्हणून जेवलो.